फांदी कुठे काढायची? माइंड मॅपमधली खरी मेहनत

दहावीच्या इतिहासाच्या कृतिपत्रिकेत ‘संकल्पनाचित्र पूर्ण करा’ असा प्रश्न असतो. मधे एक चौकट, भोवती तीन-चार रिकाम्या चौकटी, त्यांत उत्तरं भरायची. माइंड मॅप दिसायला साधारण असाच असतो. कोऱ्या कागदाच्या मधोमध विषय, त्यातून निघालेल्या जाड फांद्या, त्यांना फुटलेल्या बारीक फांद्या आणि प्रत्येकीवर एखाद-दुसरा शब्द. पण एक फरक आहे, आणि तो फार मोठा आहे. कृतिपत्रिकेत चौकटी किती आणि कशाच्या, हे पेपर काढणाऱ्याने ठरवलेलं असतं. माइंड मॅपमध्ये ते आपल्याला ठरवावं लागतं. शिकणं घडतं ते या ठरवण्यात. रंग, चित्रं, वळणदार रेषा ही सगळी नंतरची गोष्ट.

माइंड मॅप हे नाव आणि त्याचे नियम लोकप्रिय केले टोनी बुझान या ब्रिटिश लेखकाने. १९७४ मध्ये बीबीसीवर त्यांची मालिका आली आणि हे तंत्र घराघरांत पोचलं. कागद आडवा धरायचा, मधोमध चित्र काढायचं, एका फांदीवर एकच शब्द लिहायचा, रंग भरपूर वापरायचे, हे सगळं त्यांचं सांगणं. ज्ञानाला फांद्या काढायची हौस त्याहून कितीतरी जुनी आहे. तिसऱ्या शतकातल्या पॉर्फिरी या तत्त्वज्ञाच्या विवेचनावरून मध्ययुगीन युरोपात वर्गीकरणाची जी आकृती काढत, तिला आजही ‘पॉर्फिरीचं झाड’ म्हणतात.

त्याच १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक आणि त्यांचे सहकारी मुलांना विज्ञानाच्या कल्पना कशा समजत जातात याचा अभ्यास करत होते. त्यातून त्यांचा ‘कन्सेप्ट मॅप’ तयार झाला. बुझान यांच्या नकाशात रेषा मुकी असते, नुसती जोडते. नोव्हाक यांच्या नकाशात रेषेवरही शब्द लिहावा लागतो. दोन गोष्टी जोडल्या तर त्यांचं नातं काय, ते सांगितल्याशिवाय सुटका नाही. आपण बोलताना दोन्हींना सरसकट माइंड मॅप म्हणतो, मीही तसंच म्हणणार आहे. पण मुकी रेषा आणि बोलकी रेषा हा फरक पुढे कामाला येणार आहे.

एक नकाशा काढून बघू

विषय घेऊ बाहत्तरचा दुष्काळ. याबद्दल महाराष्ट्रात बहुतेक घरांत काही ना काही ऐकलेलं असतं. मिलो, म्हणजे बाहेरून आलेली लाल ज्वारी. सुकडी, म्हणजे तेव्हा वाटलं जाणारं कोरडं पौष्टिक खाणं. खडी फोडायला गेलेली माणसं. पाझर तलाव. कोणीतरी मुंबईला गेलं ते तिकडचंच झालं. रोजगार हमी योजना. वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते. ही सगळी माहिती सुटी असते, कशाचाच कशाशी संबंध लागलेला नसतो.

कागदाच्या मधे ‘दुष्काळ १९७२’ लिहिलं की बहुतेकांच्या हातून पहिल्या तीन फांद्या आपोआप निघतात: कारणं, परिणाम, उपाय. या फांद्या काढू नका, असं मी आग्रहाने सांगेन. त्या कुठल्याही विषयाला लागू पडतात, त्यामुळे या विषयाबद्दल काहीच सांगत नाहीत. भूकंप असो, बेरोजगारी असो की पहिलं महायुद्ध, तीच तिन्ही नावं चालतात. विषयाच्या पोटातून येतील अशी नावं शोधायला हवीत. इथे मी पाच घेईन: पाणी, अन्न, काम, गाव सोडणं, सरकार.

आता सुटी माहिती अडकवायला सुरुवात करू. मिलो जाते अन्नाकडे, सोपं आहे. खडी जाते कामाकडे. सुकडी? ती अन्नच, पण वाटली जायची दुष्काळी कामांवर. मग ती अन्नावर लिहायची की कामावर? पाझर तलावाचा पेच तर आणखी मोठा. तो बांधला मजुरांनी, मजुरी मिळावी म्हणून, म्हणजे तो ‘काम’वर हवा. पण तो आहे पाणी जिरवण्यासाठी. म्हणजे ‘पाणी’वर हवा.

इथे हात थांबतो. हे थांबणं म्हणजे वेळेचा अपव्यय, असं वाटून पुष्कळ जण मिळेल त्या फांदीवर शब्द टाकून पुढे जातात. खरं तर याच क्षणी विषय उलगडायला लागतो. पाझर तलाव कुठे लिहावा हे ठरत नाही, याचं कारण त्या वर्षी पोटाचा आणि पाण्याचा असे दोन्ही प्रश्न एकाच कामातून सोडवायचा प्रयत्न चालला होता. फुकट धान्य वाटण्याऐवजी काम द्यायचं, आणि काम असं द्यायचं की पुढच्या दुष्काळात त्याचा उपयोग होईल. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात जवळजवळ ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. तलाव, बंडिंग (शेतांना बांध घालणं), रस्ते आणि रस्त्यांसाठी खडी, हा सगळा पसारा त्या एका विचाराचा. हे वाक्य वाचलं असतं तर डोळ्याखालून निघून गेलं असतं. ‘पाणी’ आणि ‘काम’ या दोन फांद्यांच्या मधे बाण काढताना ते आपलं आपल्याला सापडतं.

असे आडवे बाण हा नकाशाचा सगळ्यात मोलाचा भाग. फांद्या वर्गीकरण करतात, बाण समज दाखवतात. आणखी एक बाण बघा, मला फार आवडतो तो. ‘सरकार’ या फांदीवर रोजगार हमी योजना लिहिली. तिची कल्पना वि. स. पागे यांची, ते विधान परिषदेचे सभापती होते. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. पण मागेल त्याला काम द्यायचं तर पैसा लागणार. तो कुठून आला? त्यासाठी १९७५ मध्ये महाराष्ट्राने व्यवसाय कर लावला. आज पुण्या-मुंबईत संगणकासमोर बसून नोकरी करणाऱ्या माणसाच्या पगारपत्रकात दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये ‘प्रोफेशनल टॅक्स’ म्हणून कापलेले दिसतात, ते हेच. शहरातल्या नोकरदाराचा पगार आणि गावातल्या मजुराचा हक्क यांना जोडणारी ही रेषा. तिच्यावर ‘यासाठी कर लावला’ असं लिहिलं की नोव्हाक यांची बोलकी रेषा तयार झाली. नुसती मुकी रेषा ओढली असती, तर महिन्याभराने आपल्यालाच प्रश्न पडला असता की हे दोन शब्द आपण का जोडले होते.

तसाच पाण्याच्या फांदीवर ‘हापसा’ लिहा आणि बघा ती कुठवर जाते. दख्खनच्या काळ्या कातळात विंधनविहिरी घ्यायच्या तर यंत्रं हवीत, आणि त्या विहिरींवर सतत वापरून न मोडणारा हातपंप हवा. जालना आणि सोलापूर या भागांत सुधारत गेलेल्या पंपांतून पुढे ‘इंडिया मार्क टू’ आला आणि तो हापसा जगभर गेला. दुष्काळाच्या नकाशावर यंत्रशास्त्राची फांदी निघेल, असं सुरुवातीला कोणाला वाटलं असतं?

डोक्यात काय होतं?

आपली कामचलाऊ स्मृती, म्हणजे या क्षणी मनात धरून ठेवता येईल तेवढी जागा, फार लहान असते. जॉर्ज मिलर यांनी १९५६ च्या त्यांच्या प्रसिद्ध निबंधात हा आकडा साधारण सातच्या आसपास ठेवला होता. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये पुराव्यांची फेरतपासणी करून तो चारच्या जवळ आणला. पण ‘चार’ म्हणजे चार काय? चार सुटे शब्द असू शकतात, किंवा चार गठ्ठेही. गठ्ठ्यात किती माल आहे, याची मोजणी होत नाही. म्हणून वीस सुट्या गोष्टी मनात राहत नाहीत, पण पाच नावांखाली बांधलेल्या वीस गोष्टी राहू शकतात.

याचा सुरेख प्रयोग गॉर्डन बॉवर आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये केला. त्यांनी लोकांना ११२ शब्द पाठ करायला दिले. एका गटाला ते फांद्यांच्या आकृतीत मांडून दिले: खनिजं, त्याखाली धातू आणि दगड, धातूंखाली दुर्मीळ, सामान्य आणि मिश्र, दगडांखाली रत्नं आणि बांधकामाचे दगड, आणि शेवटी प्लॅटिनम, तांबं, पितळ, पाचू, ग्रॅनाइट असे शब्द. दुसऱ्या गटाला तेच शब्द तशाच आकृतीत, पण विस्कटून दिले. पहिल्याच फेरीत नीट मांडणी मिळालेल्यांना सरासरी ७३ शब्द आठवले, विस्कटलेली मांडणी मिळालेल्यांना २१. शब्द तेच, वेळ तेवढाच, आकृतीचा आकारही तोच. फक्त नात्यांना अर्थ होता.

या प्रयोगाकडे मी पुन्हा पुन्हा वळतो, कारण तो एक गैरसमज मुळातून काढतो. चित्र आहे म्हणून लक्षात राहतं, असं नाही. दुसऱ्या गटाकडेही तेच ‘चित्र’ होतं. अर्थाने लावलेल्या फांद्या लक्षात राहतात.

दुसरा गैरसमज म्हणजे डाव्या-उजव्या मेंदूचा. माइंड मॅपच्या बहुतेक शिबिरांत सांगतात की डावा मेंदू तर्काचा, उजवा कल्पनेचा, आणि रंगीत नकाशा काढला की दोन्ही जागे होतात. या समजुतीचा उगम मेंदूचे दोन भाग शस्त्रक्रियेने वेगळे केलेल्या रुग्णांवरच्या संशोधनात आहे. त्यासाठी रॉजर स्पेरी यांना १९८१ मध्ये नोबेल मिळालं, आणि ते संशोधन पक्कं आहे. पण त्यावरून काढलेला ‘अमका माणूस डाव्या मेंदूचा, तमका उजव्या’ हा निष्कर्ष टिकत नाही. युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये हजाराहून अधिक लोकांच्या मेंदूंची चित्रं तपासली, तेव्हा असे दोन प्रकार त्यांना दिसले नाहीत. रंग जरूर वापरा, पण रंगाला काही काम द्या. काय काम, ते पुढे येतंय.

पुस्तक उघडं की बंद?

अभ्यासासाठी नकाशे काढणाऱ्या प्रत्येकाने जाणून घ्यावं असं एक संशोधन २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलं. पर्ड्यू विद्यापीठातले जेफ्री कार्पिके आणि जेनेल ब्लंट यांनी विद्यार्थ्यांना विज्ञानाचा एक उतारा दिला. एका गटाने उतारा समोर ठेवून कन्सेप्ट मॅप काढला. दुसऱ्या गटाने उतारा वाचला, बाजूला ठेवला आणि आठवेल तेवढं लिहून काढलं, मग पुन्हा वाचून पुन्हा लिहिलं. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे होते. परीक्षेत नकाशाच काढायला सांगितला, तरीही तेच पुढे होते. आणि विद्यार्थ्यांचा स्वतःचा अंदाज नेमका उलटा होता. आठवून लिहिण्याचा उपयोग कमी होईल, असं त्यांना वाटत होतं.

म्हणजे नकाशे कुचकामी? नाही. २०१४ मध्ये याच दोघांनी पुढचा प्रश्न घेतला: उतारा बाजूला ठेवून, आठवून नकाशा काढला तर? तेव्हा नकाशा काढणारे आणि परिच्छेद लिहिणारे साधारण बरोबरीत आले. पुस्तक उघडं ठेवून काढलेल्या नकाशात नजर पुस्तकातून कागदावर आणि कागदावरून पुस्तकात जाते, हात सुंदर अक्षर काढतो, आणि मन बऱ्याचदा कुठेच नसतं. पुस्तक मिटलं की मनाला कामाला लागावंच लागतं.

यावरून जी रीत निघते ती अशी. प्रकरण एकदा नीट वाचा. पुस्तक मिटा. कागद आडवा घ्या, मधे विषय लिहा, आणि पेन्सिलीने आठवेल तसा नकाशा काढा. पेन्सिल यासाठी की फांदी चुकली तर खोडता यावी, आणि ती चुकणारच. अडलं तरी लगेच पुस्तक उघडू नका. थोडं अडून राहा, आठवण्याची धडपड होऊ द्या. मग पुस्तक उघडा आणि जे राहून गेलं ते लाल पेनाने भरा, जे चुकीच्या जागी गेलं त्याचा बाण लाल पेनाने वळवा. रंगाला काम द्यायचं ते हे. दोन-चार दिवसांनी तो कागद काढलात तर फक्त लाल भाग बघायचा, कारण बाकीचं तुम्हाला येतं. मग तो कागदही बाजूला ठेवून कोऱ्या पानावर पुन्हा काढायचा. पहिला नकाशा देखणा झाला आणि दुसरा काढावासा वाटला नाही, तर पहिल्याचा अर्धा उपयोग वाया गेला.

मुख्य फांद्या चार ते सात ठेवा. अकरा फांद्या झाल्या असतील तर त्यातल्या काही कोणाच्या तरी उपफांद्या आहेत, एवढंच. शब्द मात्र एकच लिहायचा, हा बुझान यांचा नियम अभ्यासाच्या नकाशात मी पाळायला सांगणार नाही. ‘कर’ एवढंच लिहिलं तर कोणावर, कशासाठी, कधी, हे सगळं हरवतं. नवे विचार सुचवायचे असतील तेव्हा एकच शब्द चांगला, तो मोकळा ठेवतो. समजून घ्यायचं असेल तेव्हा बाणावर क्रियापद हवं.

सुरुवातीला हे काम कंटाळवाणं वाटेल, हेही सांगायला हवं. २००२ मध्ये लंडनमधल्या ५० वैद्यकीय विद्यार्थ्यांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. माइंड मॅप वापरणाऱ्यांना आठवड्याने थोडं जास्त आठवत होतं, पण त्या पद्धतीबद्दलचा त्यांचा उत्साह आपापल्या नेहमीच्या पद्धतीने अभ्यास करणाऱ्यांपेक्षा कमी होता. ज्यांनी वर्षानुवर्षं ओळी अधोरेखित करून अभ्यास केलाय, त्यांना कोरा कागद नकोसा वाटणं साहजिक आहे.

ऐकताना आणि लिहिताना

अभ्यासाइतकाच नकाशाचा उपयोग ऐकताना होतो, आणि त्याकडे फार कमी लोक बघतात. घरातल्या आजीला विचारलं, “आजी, बाहत्तरला तुम्ही पाणी कुठून आणायचात?” तर उत्तर पाण्यापाशी थांबत नाही. विहिरीचा तळ खरवडण्यापासून ते धाकट्या दिरापर्यंत, तो मुंबईला गिरणीत गेला तिथपर्यंत, मग विकाव्या लागलेल्या बैलजोडीपर्यंत, आणि पुन्हा विहिरीवर. ओळीत टिपणं घेणारा माणूस इथे गोंधळतो, नाहीतर मधेच म्हणतो, “आजी, एकेक सांगा.” आणि ओघ तुटतो. नकाशावर मात्र दीर ‘गाव सोडणं’वर जातो, बैलजोडी नव्या फांदीवर, विहीर ‘पाणी’वर, आणि आजी ज्या क्रमाने सांगतेय त्या क्रमाने सांगत राहते. जनावरांसाठी आपण फांदी काढलीच नव्हती, हे तिच्यामुळे कळतं. बोलणं संपल्यावर कागदाकडे बघितलं की एखादी फांदी उघडी दिसते. ‘सरकार’वर काहीच नाही. मग तो प्रश्न विचारायचा: “तेव्हा गावात सरकारी माणूस कोण यायचं हो?” ओळीतल्या टिपणांत काय विचारायचं राहिलं ते दिसत नाही, इथे ते दिसतं.

लेख, भाषण, प्रकल्प अहवाल लिहायचा असेल तर नकाशानंतर एक पायरी राहते, आणि ती वगळल्यामुळे पुष्कळांचं लिखाण विस्कळीत होतं. नकाशात सगळं एकदम दिसतं, लेखात मात्र एकामागून एकच येऊ शकतं. म्हणून फांद्यांवर आकडे घाला. आधी काय सांगितलं म्हणजे नंतरचं कळेल, एवढा एकच प्रश्न विचारा. दुष्काळाच्या नकाशात मी ‘पाणी’पासून सुरुवात करेन आणि व्यवसाय कराच्या बाणाने ‘काम’कडून ‘सरकार’कडे जाईन. आडवे बाण म्हणजे लेखातली वळणं. दोन परिच्छेद जोडणारं वाक्य सुचत नसेल, तर त्या दोन फांद्यांत बाण आहे का ते बघा. नसेल तर ते परिच्छेद शेजारी यायलाच नकोत. एमपीएससीच्या वर्णनात्मक उत्तरासाठीही हेच करता येईल: कच्च्या पानावर मिनिट-दोन मिनिटांचा नकाशा, फांद्यांवर आकडे, मग उत्तर.

काही विषयांना हा आकार सोसत नाही. घटनाक्रम महत्त्वाचा असेल तर सरळ कालरेषा काढा. दोन-तीन गोष्टींची तुलना असेल तर तक्ता काढा. गणितातली सिद्धता ही एका पायरीवर दुसरी पायरी उभी करत जाते, तिला फांद्या फोडून उपयोग नाही. फार तर कोणतं सूत्र कुठे लागतं याचा नकाशा काढता येईल.

साधनांबद्दल थोडं. कागद-पेन्सिल अभ्यासाला उत्तम, कारण आठवून पुन्हा काढायचं असतं. सतत बदलणाऱ्या गोष्टींसाठी, म्हणजे लग्नकार्य, ऑफिसातलं काम, पुस्तकाचा आराखडा, यांसाठी संगणक बरा. फांदी उचलून दुसरीकडे लावता येते, मिटून ठेवता येते. फ्रीप्लेन हे मोफत आहे, एक्समाइंडही बरंच वापरलं जातं, आणि युनिकोड देवनागरी असल्याने मराठीत लिहायला अडचण नाही. आता एआयला उतारा दिला की क्षणात नकाशा तयार होऊन मिळतो. तो आधी बघू नका. आधी आपला काढा, मग त्याचा शेजारी ठेवा, आणि त्याने पाझर तलाव कुठे लिहिलाय ते तपासा. तुमच्यापेक्षा वेगळ्या फांदीवर लिहिला असेल तर कोणाचं बरोबर यावर स्वतःशी नीट वाद घाला, आणि लाल पेन हाताशी ठेवा.